तेलविहीर गेली, हिमराणी आली

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये एप्कॉट नावाचे उद्यान आहे. तिथे १९८८ पासून सव्वीस वर्षे एक राइड चालली. व्हायकिंगांच्या ड्रॅगनमुखी जहाजासारख्या होडीत बसायचे आणि अंधारातून, पाण्यावरून, नॉर्वे नावाच्या देशात शिरायचे. शेवटच्या टप्प्यात होडी एकदम खाली कोसळे, अंगावर तुषार येत, वीज चमके आणि त्या उजेडात उत्तर समुद्रातल्या तेलविहिरीचा लोखंडी सांगाडा डोक्यावर उभा दिसे. परीकथांवर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या उद्यानात तेलविहीर! मला त्या राइडमधले सर्वांत मोलाचे दृश्य तेच वाटते. तो सांगाडा तिथे का आला आणि पुढे का गेला, हे कळले की सगळी गोष्ट कळते.

नॉर्वेच्या समुद्रात एकोफिस्क हा तेलसाठा सापडला तो १९६९ च्या अखेरीस. तोवर मासे, लाकूड आणि जहाजे यांवर जगणाऱ्या या देशाचे नशीब त्यानंतर पालटले. पण समुद्राने त्याची किंमतही घेतली. मार्च १९८० मध्ये ‘अलेक्झांडर किलँड’ हा तरंगता तळ वादळी समुद्रात कलंडला. त्यावर २१२ माणसे होती, त्यांतली १२३ गेली. मरणारे बहुतेक तेलकामगार होते, पाळी संपवून आलेले. त्यानंतर आठच वर्षांनी फ्लोरिडातल्या राइडमध्ये नॉर्वेची ओळख करून देताना वादळ आणि तेलविहीर एकत्र दाखवली गेली, तेव्हा नॉर्वेतून आलेल्या माणसाला ती निव्वळ सजावट वाटली नसणार.

एप्कॉटची मूळ कल्पना उद्यानाची नव्हतीच. वॉल्ट डिस्नेला वीस हजार वस्तीचे एक प्रायोगिक शहर वसवायचे होते. डिसेंबर १९६६ मध्ये तो गेला आणि शहराचे स्वप्न त्याच्याबरोबर मावळले. मागे राहिलेल्यांना त्या नावाचे काय करावे हे बरीच वर्षे ठरवता येईना. शेवटी जागतिक प्रदर्शनांचा नमुना समोर ठेवून उद्यानाचे दोन भाग केले गेले. एका भागात विज्ञान आणि उद्याचे जग, दुसऱ्या भागात तळ्याभोवती मांडलेले निरनिराळे देश. १ ऑक्टोबर १९८२ रोजी एप्कॉट उघडले तेव्हा तळ्याकाठी नऊ दालने होती: मेक्सिको, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. १९८४ मध्ये मोरोक्को आले. सुरुवातीच्या काळात मिकी माउस आणि त्याच्या सवंगड्यांना या उद्यानात मुद्दाम येऊ दिले नव्हते, हे आज कुणाला सांगून खरे वाटणार नाही. इथे कार्टून नको, खरे जग हवे, अशी ती भूमिका होती. कंपनीने स्वतःच्या सर्वांत लाडक्या पात्राला दाराबाहेर ठेवले होते. त्या निर्णयाबद्दल मला आजही आदर वाटतो.

पण खरे जग उभे करायला पैसा लागतो, आणि तो डिस्नेला एकट्याने घालायचा नव्हता. प्रत्येक देशाच्या सरकारने किंवा तिथल्या कंपन्यांनी आपापल्या दालनाचा भार उचलावा, अशी योजना होती. आपल्याकडच्या गणपती मंडळाच्या कमानीवर ज्याची वर्गणी मोठी त्याचे नाव मोठे असते, तसाच हा व्यवहार. मोरोक्कोचा राजा दुसरा हसन याने आपले कारागीर फ्लोरिडाला धाडले आणि तिथल्या भिंतींवरचे मोझेक त्यांच्या हातून करवून घेतले. त्या दालनातले कोरीव काम आजही पाहणाऱ्याला थांबवते. जपानच्या दालनात मित्सुकोशी या जुन्या पेढीने दुकान थाटले. ज्यांना पैसे उभे करता आले नाहीत त्यांची दालने कागदावरच राहिली. स्पेन, इस्रायल आणि विषुववृत्तीय आफ्रिका यांची घोषणा झाली होती. त्यांतले एकही दालन उभे राहिले नाही. कोणता देश जगाला दिसेल आणि कोणता दिसणार नाही, हे या तळ्याकाठी आरंभापासून पैशावर ठरत होते.

स्कँडिनेव्हियाच्या तिन्ही देशांचे मिळून एक दालन करावे, असा विचार आधी चालू होता. डेन्मार्क आणि स्वीडन मागे राहिले, नॉर्वे तेवढा पुढे आला. तिथल्या उद्योगांनी एकत्र येऊन बांधकामाच्या खर्चाचा मोठा वाटा उचलला. मे १९८८ मध्ये दालन लोकांसाठी उघडले. जूनच्या ३ तारखेला युवराज हाराल्ड, म्हणजे पुढचे राजे पाचवे हाराल्ड, यांच्या हस्ते रीतसर उद्घाटन झाले आणि तो सोहळा नॉर्वेत थेट दाखवला गेला. पन्नास लाखांहूनही कमी लोकवस्तीचा तो देश त्या दिवशी दूरदर्शन संचासमोर बसून पाहत होता, की अमेरिकेतल्या या प्रसिद्ध उद्यानात आपण कसे दिसतो. राइड मात्र त्या दिवशी तयार नव्हती. ‘मेलस्ट्रॉम’ नावाची ती राइड सुरू झाली ५ जुलैला.

दालन बांधणाऱ्यांनी मन लावून काम केले होते. गोल या गावच्या मध्ययुगीन लाकडी चर्चची प्रतिकृती दर्शनी भागात आली. ओस्लोच्या आकेर्शहुस किल्ल्याच्या धर्तीवर उपाहारगृह बांधले. बर्गेनच्या बंदरावरची निमुळत्या छपरांची घरे आली. गवत उगवलेले छप्पर आले, बेकरी आली. मॅरेथॉनपटू ग्रेटे वाइट्झचा पुतळाही उभा राहिला. शिवाय नॉर्वेहून तरुण मुलेमुली वर्षभरासाठी तिथे कामाला येऊ लागली. पाव विकणारी मुलगी ट्रोम्सोची, होडीचा दांडा लावणारा मुलगा स्टावांगेरचा, असे तिथे सहज घडू शकत होते. एखाद्या देशाची माणसे समोर उभी असणे ही या दालनांची खरी श्रीमंती. विमानाचे भाडे ज्याला कधीच परवडणार नाही त्याला ती इथे भेटत.

राइड पाचेक मिनिटांची. होडीत बसण्याच्या जागी एक भलेमोठे भित्तिचित्र होते. त्यात फ्योर्ड, मच्छिमार, प्रवासी जहाज, गिर्यारोहक आणि तेलविहीर, सगळा नॉर्वे एका भिंतीवर. त्यातल्या एका व्हायकिंगाच्या डोक्यावर चित्रकाराने मिकीचे कान लपवून ठेवले होते आणि ते शोधणे हा रांगेतल्या मुलांचा आवडता उद्योग होता. मग होडी चढणीवर ओढली जाई. वर ओडिन देवाचा चेहरा अंधारातून बोले: इथे संकट आहे, साहस आहे आणि सौंदर्यही आहे, अशा अर्थाचे काही. पुढे व्हायकिंगांचे गाव, जहाजाची तयारी. त्यापुढे दलदलीत तीन डोक्यांचा ट्रोल, म्हणजे तिथल्या दंतकथांतला राक्षस. आमच्या राज्यात पाय ठेवलात, असे म्हणत तो शाप देई आणि होडी उलटी, पाठमोरी, धावू लागे. ध्रुवीय अस्वले मागे पडत. एका क्षणी होडीचे शेपूट दालनाच्या भिंतीतून चक्क बाहेर डोकावे, खाली चालणारे लोक वर पाहत, मग पुन्हा दिशा बदले आणि ती उत्तर समुद्रात झेपावे. वीज, वादळ, तेलविहीर. आणि लगेच शांत पाणी, संध्याकाळचे मच्छिमारांचे गाव, घरांच्या खिडक्यांत दिवे.

उतरल्यावर त्याच गावात थोडे थांबायचे. मग दार उघडे आणि ‘स्पिरिट ऑफ नॉर्वे’ हा पाच मिनिटांचा चित्रपट दाखवला जाई. संग्रहालयातले व्हायकिंग जहाज डोळे विस्फारून पाहणारा एक लहान मुलगा, तेलतळावरचे कामगार, बर्फावरून उडी घेणारे खेळाडू, असा तो देशाचा आलेख होता. बहुतेक लोक मात्र आत शिरत आणि खुर्च्यांच्या ओळींमधून सरळ पलीकडच्या दाराने बाहेर पडत. पुढेपुढे चित्रपटाची प्रत जुनी झाली, त्यातले कपडे आणि केशरचना ऐंशीच्या दशकातच राहिल्या, आणि तो बदलायला कुणी पैसे दिले नाहीत.

मेलस्ट्रॉमला उगाच देव्हाऱ्यात बसवू नये. ती राइड जाहिरातच होती. ज्यांनी पैसे घातले त्यांना पर्यटक हवे होते, माल खपवायचा होता, देशाचे नाव व्हायला हवे होते. ट्रोल, व्हायकिंग आणि अस्वले ही नॉर्वेची ठरीव ओळख तीत होतीच. इतिहासाच्या शिक्षकाला ती राइड अपुरी वाटली असती, आणि त्याचे चुकले नसते. शापाने मागे वळणाऱ्या होडीचा आणि तेलविहिरीचा कथेत काही मेळही नव्हता. पण पैसे घालणाऱ्यांचा आग्रह असा होता, की केवळ दंतकथा नको, आजचा देशही दिसावा. त्या आग्रहामुळेच तेलविहीर आली. आपण कुठून आलो आणि आज कशावर जगतो, हे एका देशाने स्वतः निवडून सांगितले होते. सांगण्यात कच्चेपणा होता, तरी ते त्याचे स्वतःचे होते. माझ्या लेखी या राइडची किंमत इथे आहे.

आता पैशाची गोष्ट, कारण शेवट तिथेच ठरला. १९९२ मध्ये नॉर्वेच्या गुंतवणूकदारांनी आपला हिस्सा डिस्नेला विकला. त्यानंतर नॉर्वेचे सरकार दालनासाठी वर्षाला दोन लाख डॉलर देत राहिले. पाच वर्षांची मुदत १९९७ मध्ये आणखी पाच वर्षांसाठी वाढवली गेली. २००२ मध्ये पुन्हा तोच प्रश्न आला तेव्हा अमेरिकेतल्या नॉर्वेच्या दूतावासाने मदत चालू ठेवावी असे सुचवले होते, तरी सरकारने हात आखडता घेतला. याच सुमारास तेलाच्या उत्पन्नातून पुढच्या पिढ्यांसाठी साठवलेला नॉर्वेचा राष्ट्रीय निधी अब्जावधींच्या घरात पोचला होता. त्या निधीपुढे दोन लाख डॉलर म्हणजे काहीच नव्हते. प्रश्न ऐपतीचा नव्हता, तर हे आपले काम आहे की नाही, एवढाच होता. ओस्लोने नाही असे उत्तर दिले. ज्या तेलाने दालनात जागा मिळवली होती, त्याच तेलाचा पैसा ती जागा राखायला पुढे आला नाही. डिस्नेवर टीका करणाऱ्यांनी हे पान गाळून पुढे जाऊ नये.

तळ्याच्या अगदी पहिल्या दालनात, मेक्सिकोत, पुढे काय होणार याची चाहूल त्याआधीच लागली होती. तिथे पिरॅमिडच्या आत, कायम संध्याकाळ असलेल्या चौकाच्या कडेने ‘एल रिओ देल तिएम्पो’, म्हणजे काळाची नदी, ही होडीची राइड १९८२ पासून चालत असे. माया आणि अझ्टेक काळापासून आजच्या बाजारपेठेपर्यंतचा मेक्सिको ती दाखवी. २००७ मध्ये ती बदलली. त्याच पाण्यावर, त्याच होड्यांत, आता डोनाल्ड डक हरवला आहे आणि होसे हा पोपट व पांचितो हा कोंबडा त्याला शोधत मेक्सिकोभर फिरताहेत, अशी कथा आली. ही पात्रे ‘द थ्री कॅबायेरोज’ या १९४४ च्या चित्रपटातली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॅटिन अमेरिकेशी सलोखा राहावा म्हणून अमेरिकी सरकारच्या प्रोत्साहनाने वॉल्ट डिस्ने १९४१ मध्ये आपली माणसे घेऊन त्या खंडात हिंडला होता. त्या दौऱ्यातून जे चित्रपट निघाले त्यांतला हा एक. म्हणजे निदान पांचितोचे मेक्सिकोशी जुने नाते होते, आणि राइडमध्ये दिसणारी ठिकाणेही खऱ्या मेक्सिकोचीच राहिली. त्या बदलाला फार मोठा विरोध झाला नाही. ‘आपण देश दाखवतो’ इथून ‘आपण देशात आपली पात्रे दाखवतो’ इथपर्यंतचे पाऊल मात्र तेव्हाच पडले.

नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘फ्रोझन’ प्रदर्शित झाला. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या ‘हिमराणी’ या १८४४ च्या डॅनिश परीकथेचा तो अगदी दूरचा वंशज. चित्रकारांनी नॉर्वेचा दौरा करून फ्योर्ड, लाकडी चर्च, रंगीत नक्षीकाम आणि आकेर्शहुस किल्ला हे सारे डोळ्यांत साठवून आणले होते. सुरुवातीच्या दृश्यातला घनगंभीर समूहस्वर फ्रोडे फ्येल्हाइम या नॉर्वेतल्या, सामी या आदिवासी समाजातल्या, संगीतकाराचा आहे. पण एल्सा आणि आना ज्या राज्याच्या राजकन्या आहेत ते अरेंडेल नकाशावर कुठेही नाही. चित्रपटाने जगभर सव्वाशे कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, मार्च २०१४ मध्ये दोन ऑस्कर मिळवले आणि घराघरांतल्या मुलींनी निळे झगे घालून एकच गाणे वर्षभर म्हटले. पुण्यामुंबईतही वाढदिवसाच्या केकवर एल्सा आली, ती आजवर गेलेली नाही.

एप्कॉटच्या नॉर्वे दालनात ती चित्रपटाबरोबरच आली होती. एल्सा आणि आना यांच्या वेषातल्या तरुणी मुलांना पहिल्यांदा भेटू लागल्या त्या इथेच. त्यांच्यासाठी तासन् तास रांगा लागत. लाकडी चर्चमध्ये पूर्वी व्हायकिंगांची माहिती देणारे प्रदर्शन होते. त्याच सुमारास ते हलवून नॉर्वेची संस्कृती आणि ‘फ्रोझन’ यांचा संबंध दाखवणारे प्रदर्शन मांडले गेले. शेजारी मेलस्ट्रॉमच्या रांगेत मात्र फारशी गर्दी नसे. उद्यान चालवणाऱ्यांच्या जागी कुणीही असता, तर त्याने हे दृश्य पाहून काय ठरवले असते?

१२ सप्टेंबर २०१४ रोजी डिस्नेच्या उद्यानांचे प्रमुख टॉम स्टॅग्ज यांनी घोषणा केली, की मेलस्ट्रॉम बंद होऊन तिथे ‘फ्रोझन’ची राइड येणार. ५ ऑक्टोबर हा अखेरचा दिवस. त्या तीन आठवड्यांत, वर्षानुवर्षे ओस पडणाऱ्या रांगा भरल्या. दर काही वर्षांनी फ्लोरिडाला येणारी कुटुंबे आपल्या लहानपणीचा ट्रोल मुलांना दाखवायला आली. विनंतीपत्रांवर सह्या झाल्या, वादही पुष्कळ झाला. एक बाजू म्हणे, की तळ्याकाठच्या दालनांनी खरे देश दाखवण्याचे वचन दिले आहे, काल्पनिक राज्याला तिथे जागा नाही. दुसरी म्हणे, की चित्रपटाची मुळे नॉर्वेत आहेत, त्या निमित्ताने मुले दालनात येतील आणि चर्चही पाहतील. दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात तथ्य होते. चित्रपटानंतर नॉर्वेला जाऊ इच्छिणाऱ्या अमेरिकी पर्यटकांची संख्या वाढली आणि नॉर्वेच्या पर्यटन खात्यानेही डिस्नेबरोबर प्रचाराची हातमिळवणी केली होती. नॉर्वेतल्या हॉटेलवाल्याला एल्साने ट्रोलहून अधिक पाहुणे मिळवून दिले असतील, हे मान्य करायला हवे.

‘फ्रोझन एव्हर आफ्टर’ सुरू झाली २१ जून २०१६ रोजी, उन्हाळ्याच्या तोंडावर. पहिल्या दिवशी लोक तासन् तास उभे राहिले, काही वेळ तर रांग पाच तासांच्या घरात गेली. कारागिरी म्हणून तिला नावे ठेवायला जागा नाही. पुतळ्यांची हालचाल विजेवर चालणारी आणि अतिशय लवचीक, चेहऱ्यांवर सुरुवातीला आतून प्रकाशचित्र टाकलेले असे, त्यामुळे डोळे आणि ओठ चित्रपटातल्यासारखेच हलत. रांग चित्रपटातल्या ओकेन या दुकानदाराच्या दुकानावरून जाते, वाफेने धुरकटलेल्या काचेवर त्याचा चेहरा उमटतो. पुढे ओलाफ हा बोलका हिममानव भेटतो, म्हातारा ट्रोल पिल्लांना गोष्ट सांगत बसलेला असतो. आणि बर्फाच्या महालात एल्सा आपले प्रसिद्ध गाणे गात हात उंचावते तेव्हा होडी मागे ढकलली जाते.

होडी मागे जाते त्या जागी मेलस्ट्रॉम ओळखणाऱ्याच्या काळजात चर्र होते. कारण पाण्याची वाट तीच आहे. होड्या त्याच आहेत. जिथे तीन डोक्यांच्या ट्रोलने शाप दिला त्याच सुमारास आता राणी आपल्या जादूने होडी परतवते. अखेरची झेपही तीच. तेलविहीर गेली. मच्छिमारांचे गाव गेले. पाच मिनिटांचा चित्रपट गेला. देश सांगण्यासाठी खोदलेल्या कालव्यातून आता चित्रपट वाहतो.

नव्या बांधकामात नॉर्वे अजिबात नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजकन्यांना भेटण्यासाठी जी लाकडी वास्तू उभारली, ती ट्रॉन्डहाइममधल्या जुन्या डेट्ली घरावरून बेतलेली आहे, आणि आतली नक्षी, भांडी, फर्निचर यांत नॉर्वेच्या खेड्यातल्या घराचा अभ्यास दिसतो. ज्यांनी हे केले त्यांनी प्रेमाने केले. पण तिथली प्रत्येक सुंदर वस्तू आता अरेंडेलची पार्श्वभूमी झाली आहे. पूर्वी चर्च नॉर्वेचे होते म्हणून पाहायचे, आता ते ‘फ्रोझन’सारखे दिसते म्हणून पाहायचे. आठ वर्षांच्या मुलीला हा फरक कळणार नाही आणि कळण्याची गरजही नाही. दालन चालवणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र तो कळायला हवा होता.

चित्रपट आणि संस्कृती यांचे वैर अटळ आहे, असे मला वाटत नाही. याच ‘फ्रोझन’च्या पुढच्या भागाचा इतिहास त्याची साक्ष देतो. पहिल्या भागात क्रिस्टॉफ या पात्राचा पोशाख, त्याचा रेनडियर, सुरुवातीचा तो समूहस्वर, हे सगळे उत्तरेकडच्या सामी लोकांच्या जगातून आले होते, पण त्यांचे नाव चित्रपटात कुठे नव्हते. त्याबद्दल बोलले गेले, टीका झाली. दुसरा भाग करताना डिस्नेने नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या तीन देशांतल्या सामी संसदांशी आणि सामी परिषदेशी २०१९ मध्ये रीतसर करार केला. सामी तज्ज्ञांचा एक गट सल्ल्यासाठी नेमला गेला आणि चित्रपट उत्तर सामी भाषेतही तयार झाला. ज्यांची गोष्ट सांगतो त्यांना विचारून सांगता येते, हे त्या कराराने दाखवले. आणि हा करार सामी लोकांनी पैसे घातले म्हणून झाला नाही. त्यांनी हक्क सांगितला म्हणून झाला. नॉर्वेच्या दालनात जे गमावले गेले, ते तिथे कुणी असा हक्क सांगायला उभेच राहिले नाही म्हणून.

नंतर तळ्याकाठी हे चालूच राहिले. फ्रान्सच्या दालनात ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रॅटाटुई’ या चित्रपटावरची राइड आली. तिथे एक गोष्ट बरी झाली. जुने काही पाडून नव्हे, मागे नवी जागा करून ती बांधली गेली, आणि तिची कथा खऱ्या पॅरिसमध्ये घडते. १९८२ पासून दाखवला जाणारा ‘इंप्रेशन्स दे फ्रान्स’ हा चित्रपटही तिथे उरला, जरी २०२० पासून त्याला आपले चित्रपटगृह ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या गाण्यांबरोबर वाटून घ्यावे लागले. उद्यानाच्या दुसऱ्या भागात ऊर्जेवरचे जुने दालन जाऊन ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ या चित्रपटावरची राइड आली. सागराचे दालन तर निमो माशाच्या नावे आधीच झाले होते.

आपल्याला हा प्रश्न दूरचा वाटू नये. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये उघडले तेव्हा तिथे ‘मिस्टर इंडिया’ या हिंदी चित्रपटावरची राइड होती, आणि भारतावरून उडत गेल्याचा भास देणारी ‘आय फॉर इंडिया’ ही दुसरीही होती. चित्रपट आणि देश, दोन्ही एका आवारात. उद्या आपल्याकडे एखादा किल्ला, एखादी वारी, एखादे कोळीवाड्याचे जीवन अशा उद्यानात दाखवायचे ठरले, तर ते आपण स्वतः सांगणार की कुठल्यातरी गाजलेल्या चित्रपटाच्या हक्कदाराकडून सांगून घेणार, हे आपल्यालाच ठरवावे लागेल. आणि एकदा सांगायचे ठरवले की दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, उद्घाटनाचे फोटो पिवळे पडल्यावरही त्यासाठी पैसे मोजत राहावे लागेल.

माझे मत स्पष्ट आहे. ‘फ्रोझन’ची राइड उत्तम आहे आणि तिची जागा शेजारच्या मॅजिक किंगडममध्ये होती, परीकथांच्या किल्ल्याजवळ. नॉर्वेच्या दालनातली ती पाच मिनिटे नॉर्वेची होती. मेलस्ट्रॉम दुरुस्त करायला हवी होती, तिचा चित्रपट नवा करायला हवा होता, कथेतला विसविशीतपणा काढायला हवा होता. ते काम डिस्नेला जमले नसते असे नाही, आणि नॉर्वेला परवडले नसते असे तर मुळीच नाही.

मराठी कुटुंबे आता फ्लोरिडाला जातात, न्यू जर्सीची, टेक्सासची आणि थेट ठाण्याचीही. मुलांना एल्साच्या होडीत जरूर बसवा, ती मजा त्यांच्या हक्काची आहे. पण त्यानंतर त्यांना त्या लाकडी चर्चमध्ये न्या, तिथे जे मांडले असेल ते वाचून दाखवा, आणि बेकरीत पाव देणाऱ्या मुलाच्या बिल्ल्यावर नॉर्वेतल्या एखाद्या गावाचे नाव असेल तर त्याला त्या गावाबद्दल विचारा.